पुस्तकातल्या म्हातारीची रोवळी

सुरुवातीलाच माफी मागतो. स्वतःबद्दल लिहावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून घरच्यांना मी लिहितो त्याचं अप्रूप वाटतं. पण अप्रूप वाटणं वेगळं आणि चार लोकांनी वाचावं असं लिहिणं वेगळं. त्यात विषय बायकांच्या लेखनाचा आणि मी पुरुष. यावर मला कोणी टोकलं तर माझ्याकडे धड उत्तर नाही. तरीही लिहितोय, कारण जे झालं ते माझ्या एकट्याच्या अकलेने झालं नाही. ते ज्यांच्यामुळे झालं त्या कधी लिहिणार नाहीत. तेव्हा सांभाळून घ्यावं.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी आम्हाला लघुप्रबंध लिहावा लागतो. माझ्या मार्गदर्शक मॅडम मालवणातल्या एका ख्रिस्ती घरातल्या. त्यांचे मामा, मावश्या सगळे गोव्यात, आणि घरी भिंतभर पुस्तकं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा चप्पल कुठे काढायची हेच मला कळत नव्हतं. त्यांनी मला तीन पुस्तकं दिली, तिन्ही इंग्रजी अनुवाद, आणि विषय सुचवला: आशियाई लेखिकांच्या कथात्म साहित्यातील पर्यावरणीय स्त्रीवाद. मी विषय वहीत लिहून घेतला आणि घरी येताना एसटीत तो पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला, कारण घरी सांगताना अडखळायचं नव्हतं.

तरी अडखळलोच. काका झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जगात दुसरो विषय गावलो नाय तुका? बायकांनी लिवल्याला वाचून तू काय होतलंस?"

आई मासे धूत होती. तिने एवढंच विचारलं, "ह्यात नापास होतत काय रे?"

मी नाही म्हणालो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

मी मन लावून काम केलं. रोज सकाळच्या गाडीने जायचो आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत बसायचो. माझं इंग्रजी कच्चं, त्यामुळे शब्दकोश सतत उघडा. पहिलं पुस्तक एक छोटी कादंबरी, दूरच्या एका बेटावरच्या म्हातारीची. ती समुद्राच्या पुळणीत शिंपले गोळा करते आणि बारके शिंपले परत पाण्यात सोडते. दुसरी कादंबरी डोंगराळ मुलखातली, जंगलाच्या कडेला राहणाऱ्या एका बाईची. तिसरं पुस्तक नद्यांच्या सखल प्रदेशातल्या कथांचं. त्यातली मोठी कथा गावाच्या पिण्याच्या तळ्यावर होती, आणि ते तळं बायका राखतात. मी भरपूर टिपणं काढली आणि शंभरेक पानं लिहिली. म्हातारी बारके शिंपले सोडते ते तिच्या मातृहृदयातल्या करुणेमुळे, असं लिहिलं. जंगलाच्या कडेची बाई म्हणजे वनाची लेक. तळं म्हणजे स्त्रीचं मन. आपण इतकं छान लिहू शकतो, याचं माझं मलाच नवल वाटायचं.

प्रबंध जमा करण्याआधी विभागात सादरीकरण असतं. बाहेरच्या विद्यापीठातून एक प्राध्यापिका तज्ज्ञ म्हणून आल्या होत्या. त्यांनी माझी पानं आधीच वाचली होती. माझं बोलणं पुरं होऊ दिलं आणि मग विचारलं, "यातलं तुमचं स्वतःचं वाक्य कुठलं?"

मी माझं सगळ्यात आवडतं वाक्य काढून दाखवलं. स्त्री आणि निसर्ग ही एकाच सर्जनाची दोन रूपं आहेत, असं ते होतं.

"हे मी किती प्रस्तावनांमधून वाचलंय, मलाच आठवत नाही," त्या म्हणाल्या. रागाने नाही. "या लेखिकांनी काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंत का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं."

प्रबंध परत आला. फेरलेखनाची एकच संधी मिळणार होती आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा सादर करायचा होता. तेव्हाही नाकारला गेला तर पदवी नाही. पदवी नाही म्हणजे पुढे शिकवण्याची नोकरी नाही, आणि शिकवणं सोडून मला दुसरं काही करायचं नव्हतं. तारकर्लीला पर्यटकांच्या एका निवासात सुट्टीपुरता मी नोंदवही सांभाळायचो. तिथले मालक म्हणाले, कायमचा ये. ते चांगल्या मनाने म्हणाले. पण मला ते दार माझ्या मागे लावल्यासारखं वाटलं.

घरी मी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली की घरात बसून तोंड पाडण्यापेक्षा तिच्याबरोबर खाडीत चल, टोपली तरी उचलशील.

आमच्या वाडीतल्या बायका खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढतात. आईही काढते. सुकती लागली, म्हणजे ओहोटी सुरू झाली, की खाडीच्या मध्ये वाळूचं बेट उघडं पडतं. त्याच्या कडेने गुडघाभर पाण्यात उतरायचं, पायाने चाचपायचं आणि हाताने उकरायचं. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. इतकं बघितलं होतं, की त्याच्याकडे बघायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

एका दुपारी बायका आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून तिसऱ्या कापत होत्या. कॉलेज सुटीमुळे बंद, आणि माझा एक शब्दही पुढे सरकला नव्हता. आई म्हणाली, तो परत केलेला कागद तरी वाच, त्यांका काय आवडला नाय ता आमका कळू दे. मला लाज वाटली, पण वाचायला लागलो. पुस्तकी मराठी त्या खळ्यात फार विचित्र वाटत होती. म्हातारीच्या प्रकरणाशी आलो. बारके शिंपले परत सोडताना तिच्या मातृहृदयातली करुणा कशी ओसंडून वाहते, ते वाचलं.

आधी पलीकडची काकी हसली. आमच्या घराला लागून तिचं घर, आणि तिच्या जिभेला अख्खी वाडी वचकून असते. मग सगळ्याच हसल्या. कोणीतरी म्हणालं, आता बाजारात मोठ्या तिसऱ्या विकताना आम्ही काय रडायचं काय.

आईने हातातलं काम थांबवलं नाही. "बारक्यात मास खंय आसता रे?" ती म्हणाली. "सोडला तर मोठा होऊन गावता. दया माझ्यात नाय. दया रोवळेत आसा."

मला कळलं नाही. तेव्हा तिने शेजारची ओली रोवळी माझ्यापुढे सरकवली. मासे-तांदूळ धुवायची बांबूची टोपली ती रोवळी, आमच्या घरात अशा चार. पण खाडीत न्यायची रोवळी वेगळी होती. तिच्या पट्ट्यांमध्ये बोट जाईल एवढी फट होती. काढलेल्या तिसऱ्या तिच्यात घालून पाण्यात हलवायच्या. बारक्या आपोआप गळून जातात, एकेक निवडत बसायला नको. विणणाऱ्याला ही फट मुद्दाम सांगावी लागते, नाहीतर तो सवयीने घट्ट विणतो. माझ्या आजीच्या वेळच्या बायकांनी बसून ती फट ठरवली. त्यावर भांडणं झाली होती, कारण काही जणींना ती फार मोठी वाटत होती.

मग त्या एकीवर एक सांगत गेल्या. शिमगा झाला की बेटाचा वरचा भाग काही दिवस सोडायचा. तिथे तिवराची काठी रोवून फाटक्या जाळ्याचा तुकडा बांधतात. काठीच्या पलीकडे कोणी उतरली, तर बाकीच्या तिची टोपली तिच्यादेखत पाण्यात ओततात. दंड नाही, पंचायत नाही. टोपली ओतली की विषय संपला.

"माजीय ओतलेली," आई म्हणाली.

हे मला माहीत नव्हतं. कोणी ओतली, असं विचारलं तर तिने हनुवटीने काकीकडे दाखवलं.

"मियाच," काकी म्हणाली. "परत गेली तर परत ओततलंय."

त्यानंतर दोघी वर्षभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आई त्या वर्षी काठीपलीकडे का गेली होती ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही. पण त्या दोघी एकाच पाटावर बसून कापत होत्या, एकीच्या आडोळीला, म्हणजे विळीला, धार नव्हती म्हणून दुसरीची वापरत होत्या. आणि मी शंभर पानं भरून लिहिलं होतं, की बायका स्वभावतःच निसर्ग जपतात.

काकीने उठता उठता विचारलं, "तुज्या पुस्तकातले म्हातारेकडे रोवळी नाय काय रे? बग तरी."

सगळ्यांना तो टोमणा वाटला. मलाही आधी तसाच वाटला. पण तो प्रश्न मनातून जाईना. मी टिपणं उलटसुलट केली. म्हातारीचं दुःख होतं, समुद्र होता, चंद्र होता. टोपलीबद्दल एक ओळ नव्हती. पुस्तक परत केलेलं. मॅडमना फोन केला, तर त्या म्हणाल्या, ते त्यांच्या खारेपाटणच्या मैत्रिणीकडे आहे. मैत्रीण म्हणजे निवृत्त शिक्षिका, पोस्टाने पाठवायला सांगू का. मी म्हटलं, नको, मीच जातो.

कणकवलीला गाडी बदलून खारेपाटणला पोचलो. बाईंनी मला पडवीत बसवलं, पुस्तक दिलं आणि कोकम सरबत ठेवून आत गेल्या. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. या वेळी एक केलं: मागे शब्दकोशात ज्या शब्दांना हात लावला नव्हता ते शोधत गेलो. मागच्या वाचनात मी मोठे शब्द शोधले होते. करुणा, अस्तित्व, पावित्र्य, असे. हत्यारांची, गवताची, गाठींची नावं आली की पुढे सरकायचो. ती मला केवळ वर्णनं वाटायची.

रोवळी तिसऱ्या प्रकरणात होती. सव्वा पान. म्हातारी वेताची टोपली विणणाऱ्या माणसाकडे जाते आणि त्याने आणलेली टोपली परत करते. फट लहान झाली, म्हणते. तो म्हणतो, तुझंच नुकसान आहे. ती टोपली त्याच्या दारात ठेवून निघून जाते आणि पुढचे तीन दिवस समुद्रावर जात नाही. पुढे एका ठिकाणी दुसऱ्या बायका तिच्यावर चिडतात, कारण तिच्या हट्टामुळे सगळ्यांनाच फट वाढवावी लागते. हे मी तीनदा वाचलेलं पुस्तक होतं. आईने न बघितलेल्या पुस्तकातलं पान तिने मला खळ्यात बसून वाचून दाखवलं होतं, आणि मला ते माझ्या डोळ्यांनी दिसलं नव्हतं.

बाई बाहेर आल्या तेव्हा मी बहुतेक हसत होतो. त्यांनी विचारलं, "सापडलं?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, मग सरबत पी आधी, गरम झालं.

त्यानंतरचे आठवडे मला नीट आठवत नाहीत, इतका मी कामात होतो. जुनी शंभर पानं बाजूला ठेवली. प्रत्येक पुस्तकाला तीनच प्रश्न विचारायचे ठरवले. बाईच्या हातात काय आहे? नियम कोणी ठरवला? तो मोडला तर काय होतं? मग डोंगरातल्या कादंबरीत मला दिसलं की ती बाई शेतीसाठी उताराचा एक तुकडा स्वतः जाळते. कुठला तुकडा, कधी आणि किती वर्षांनी, हे ती आणि तिची सासू भांडून ठरवतात. तो जाळण्याचा प्रसंग मी पहिल्या वेळी चक्क गाळला होता, कारण वनाची लेक जंगल कसं जाळेल? तळ्याच्या कथेत बायकांनी घाटावर म्हशी धुवायला बंदी घातलेली असते. पण तळ्याचा लिलाव होतो त्या बैठकीत त्यांना बसायला जागा नसते. जे हात तळं राखतात त्यांना तळ्याबद्दल बोलता येत नाही, ही त्या कथेची खरी जखम. मी तिथे स्त्रीचं मन बघत बसलो होतो.

या लेखिका बाई आणि निसर्ग यांचं नातं रक्ताचं म्हणून सांगत नाहीत. रोजच्या कामातून आलेली जाण आणि त्या जाणिवेला नाकारलेला अधिकार, असं ते नातं त्या दाखवतात. हे वाक्य आज सोपं वाटतं. मला ते लिहायला पाच दिवस लागले.

आईची टोपली ओतल्याचं लिहावं का, असा प्रश्न होता. तिला विचारलं. ती म्हणाली, "लिव. पण ओतली कोणी ताय लिव."

काकीला हे कळल्यावर ती खूश झाली. आपण विद्यापीठात जाणार म्हणून तिने चार घरी सांगितलं.

मी मसुदा घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी दोन दिवसांत वाचला. बहुतेक ठिकाणी समासात बरोबरच्या खुणा होत्या. एका पानावर मात्र मोठी काट. "अरे बाबा," त्या म्हणाल्या, "म्हातारीची देवी केली होतीस ती खाली उतरवलीस, आणि आता आईला चढवतोयस? तेही तेवढंच खोटं." मी ते पान तिथेच बसून पुन्हा लिहिलं. आईचं राग धरणं त्यात घातलं. वर्षभराचा अबोलाही घातला.

दुसऱ्या सादरीकरणाला त्याच प्राध्यापिका होत्या. मी प्रमाण मराठीत बोलत होतो, कॉलेजात तसंच बोलायची सवय आहे. रोवळीशी आलो आणि आईचं वाक्य मला प्रमाण मराठीत सांगता येईना. तेव्हा तिच्याच शब्दांत सांगितलं. समितीतल्या एका सरांनी विचारलं, की घरच्या गप्पा हा संदर्भ म्हणून कसा धरायचा? मी घाबरलो. पण म्हणालो, "सर, पुस्तकातला संदर्भ पुस्तकातच आहे, पान दिलंय. घरच्या गप्पांनी मला फक्त ते पान दाखवलं."

बाहेरच्या प्राध्यापिकांनी मान वर केली नाही. त्या लिहीत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, की हे काम पुरुषाने करावं का, याबद्दल मला काय वाटतं. मी खरं तेच सांगितलं: मला माहीत नाही. मी ऐकायला शिकतोय, आणि त्यात मला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. त्या "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"चा अर्थ मी परतीच्या वाटेवर शंभर वेळा लावला असेन.

निकाल आठ दिवसांत कळवू म्हणाले होते. पंधरा झाले. मी निवासातल्या कामावर पुन्हा जाऊ लागलो होतो. मालकांनी एकदा हळूच विचारलं, मग काय ठरवलंस. मी म्हटलं, अजून काही नाही. त्या दिवसांत घरी कोणी माझ्यासमोर प्रबंधाचं नाव काढत नव्हतं. काकासुद्धा नाही, आणि त्यांचं गप्प राहणं मला सगळ्यात जड गेलं.

त्या सकाळी मला सुट्टी होती. सुकती मोठी होती आणि बेट लांबपर्यंत उघडं पडलेलं. बायका कडेकडेने पांगल्या होत्या. आई किनाऱ्याच्या बाजूला, काकी माझ्या थोडी अलीकडे, आणि मी टोपल्या घेऊन अगदी टोकाला. मोबाइल घरीच होता, पाण्यात कोण नेणार. लांबवर काठावर एक स्कूटर थांबलेली दिसली. साडी सावरत कोणीतरी उतरलं. चिखलात पाय घालायला तयार नसावं, कारण ती बाई तिथेच उभी राहून आईशी बोलत होती. मॅडमच होत्या. मी दोन्ही हातांत टोपल्या घेऊन उभा राहिलो.

आई वळली आणि तिच्या पुढच्या बाईला काही म्हणाली. तिने पुढचीला सांगितलं. पाण्यातून एकेक बाई कंबर सरळ करून उभी राहत होती, माझ्याकडे बघत होती आणि मग पुढे सांगत होती. कोणी ओरडलं नाही. मला ऐकू काहीच येत नव्हतं, फक्त उभ्या राहणाऱ्या बायका दिसत होत्या, एकीमागून एक, माझ्या दिशेने येणाऱ्या. त्यातली एक हसली, पण ती नेहमीच हसते, त्यावरून काही समजेना. शेवटी काकी उरली. ती पाणी कापत माझ्यापर्यंत आली. तिचा श्वास लागला होता आणि डोळे ओले होते, तसे मी ते याआधी कधी बघितले नव्हते.

"तुजो प्रबंध मंजूर झालो," ती म्हणाली. "दुरुस्ती एक पण नाय. आणि ते भायरचे बाईन सांगल्यान हा, पुढचा मोठा शिक्षण तेच्याकडे येऊन कर. जागा राखून ठेवल्यान हा तुजी."